स्वाध्याय आधी बघ

मुलाला शाळेत न घालता घरी शिकवायचं, तर ओहायोत आम्ही सुरुवात केली तेव्हा दर वर्षी आपल्या भागाच्या शिक्षण अधीक्षकांना पत्र द्यावं लागे. भाषा, गणित, विज्ञान, इतिहास, नागरिकशास्त्र वगैरे ठरलेले विषय शिकवू, वर्षाला ९०० तास शिकवू अशी हमी द्यायची. सोबत कोणती पुस्तकं वापरणार त्यांची यादी आणि मागच्या वर्षी मूल काय शिकलं याचा पुरावा. पुरावा म्हणून एखाद्या प्रमाणित परीक्षेचे गुण चालत, नाहीतर परवानाधारक शिक्षकानं मुलाच्या वह्या तपासून दिलेला शेरा. पुस्तकं कोणती घ्यायची हे मात्र सरकार सांगत नाही. बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेल्या माणसाला ही मोकळीक दिवसा फार बरी वाटते आणि रात्री तिनंच झोप उडते.

अशा झोप उडालेल्या आईबापांसाठी अमेरिकेत दर वसंतात ठिकठिकाणी अधिवेशनं भरतात. ‘ग्रेट होमस्कूल कन्व्हेन्शन्स’ या नावानं भरणारी त्यातली मोठी, आणि सिनसिनाटीचं अधिवेशन त्यातलंच एक. वरच्या खोल्यांत एकाच वेळी अनेक भाषणं चाललेली आणि खाली भल्यामोठ्या दालनात प्रकाशकांचे गाळेच गाळे. २०१६ च्या सरकारी पाहणीत देशभरात घरी शिकणारी मुलं सुमारे १७ लाख निघाली, म्हणजे शाळकरी वयातल्या मुलांपैकी ३.३ टक्के. एवढं गिऱ्हाईक असल्यावर बाजार भरणारच.

आमच्या मोठ्या मुलीला शाळेतून का काढलं ते इथे लांबवत नाही. वर्गात तिचं काम लवकर संपायचं आणि उरलेला वेळ ती खिडकीबाहेर बघत बसायची, हे एक कारण. मी एच-फोर व्हिसावर होते, हे दुसरं. २०१५ पासून एच-फोरवरच्या काही जणींना नोकरीची परवानगी मिळायला लागली होती, पण आमचा ग्रीन कार्डचा अर्ज त्या टप्प्याला पोचलेला नव्हता. दोन पदव्या घेतलेली बाई घरी बसलेली आणि मुलगी वर्गात कंटाळलेली. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. पगार मात्र एकाचाच, त्यामुळे पुस्तकांवर उधळायला पैसे नव्हते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये आम्ही सिनसिनाटीला गेलो तेव्हा माझे सासरे आमच्याकडे आले होते. अप्पा सातारा जिल्ह्यात रयतच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. नातीला शाळेतून काढल्याचं कळलं तेव्हा फोनवर एवढंच म्हणाले होते, “तुम्ही शिकलेले आहात, तुमचं तुम्ही बघा.” याचा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. इथे आल्यावरही रोज सकाळी आमचा धडा चालू असताना ते पेपर घेऊन शेजारच्या खोलीत बसायचे आणि दार बरोबर अर्धवट उघडं ठेवायचे.

शुक्रवारी मी एकटी जाणार, शनिवारी नवरा मुलांना घेऊन येणार, असं आम्ही ठरवलं होतं. गेलेल्या बायकांनी सगळ्यांनी हेच सांगितलं होतं की पहिल्या दिवशी मुलं नकोत. मुलं बरोबर असली की बाई गाळ्यावर उभी असते आणि तिचं अर्धं चित्त स्वच्छतागृह कुठे आहे यात असतं. गुरुवारी रात्री अप्पा म्हणाले, “मी येऊ का गं? जागा आहे ना गाडीत?” जागा नाही म्हणायची सोय नव्हती.

आय-७१ महामार्गानं आमच्या कोलंबसहून सिनसिनाटीला दोन तासही लागत नाहीत. अधिवेशन ड्यूक एनर्जी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये. आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरली ती चाकांची गर्दी. बाबागाड्या, प्रवासाच्या बॅगा, भाजीच्या क्रेटला दांडा आणि चाकं लावलेल्या ढकलगाड्या. लांब झगे घातलेल्या, डोक्यावर पांढरी टोपी बांधलेल्या बायका होत्या, जीन्सवाल्याही होत्या. पाठीवर तान्हं बांधून एक बाप लॅटिनचं व्याकरण चाळत होता. आमच्यासारखे चेहरे तुरळकच. अप्पा दारात थांबून दालनभर नजर फिरवत म्हणाले, “आमच्याकडे जूनमध्ये पुस्तकांच्या दुकानापुढे अशीच झुंबड असते. पण तिथे यादी शाळेनं दिलेली असते. इथे या बायांना यादी कोणी दिली?”

प्रश्न बरोबर होता. यादी नसेल तर ती गाळेवाला करून देतो. तिथली सगळी भाषाच आईच्या भीतीला हात घालणारी असते: यात काही राहून तर जाणार नाही ना, कॉलेजला अडणार तर नाही ना. म्हणून मी यादी न करता मुलीची गणिताची वही घेऊन गेले होते. त्यात एक पान होतं. ६ भागिले १/२, उत्तर १२. पद्धत बरोबर, उत्तर बरोबर, आणि शेजारी पेन्सिलीनं तिनं लिहिलेलं: भागल्यावर वाढलं कसं? मी तिला दोनदा समजावलं होतं. ती मान हलवायची, पण तो प्रश्न तिनं खोडला नव्हता.

ते पान उघडून मी गाळ्यागाळ्यावर धरायचं ठरवलं. तुमचं पुस्तक या मुलीला काय सांगतं, ते दाखवा. बाकी काही नको.

पहिला गाळा ठोकळे आणि पट्ट्या हातात घेऊन गणित शिकवणाऱ्यांचा. तिथल्या उंच माणसानं वही हातात घेऊन पान नीट वाचलं, पेन्सिलीतली ओळ वाचून हसला, आणि तुकडे काढून टेबलावर मांडायला लागला. तो सहा पूर्ण तुकडे मांडेपर्यंत अप्पांना दम निघाला नाही. त्यांच्या मोजून-मापून बोलायच्या इंग्रजीत ते म्हणाले, “सिक्स भाकरी. हाफ टू ईच पर्सन. हाऊ मेनी पर्सन्स?” त्या माणसानं भाकरी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं एकेका तुकड्यावर दोन-दोन अर्धे ठेवून बारा मोजून दाखवले. भागायचं म्हणजे कमी करायचं नव्हे, तर अर्धे किती बसतात ते बघायचं. अप्पांनी मान डोलावली आणि लगेच विचारलं, “आणि पाऊण भागिले दोन पंचमांश? तेव्हा हे तुकडे कुठे ठेवाल?” तो जरा थांबला. मग त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की तिथपर्यंत पोचलेल्या मुलानं तुकडे सोडलेले असावेत अशीच अपेक्षा आहे. तुकडे रांगायला आहेत, पळायला नाहीत. मला तो माणूस आवडला.

दुसऱ्या गाळ्यावर सिंगापूरच्या पद्धतीची पुस्तकं होती. सिंगापूर सरकारनं आपल्या शाळांसाठी १९८२ मध्ये काढलेल्या ‘प्रायमरी मॅथेमॅटिक्स’पासून या घराण्याची सुरुवात. आधी वस्तू, मग चित्र, मग आकडा, असा क्रम. तिथल्या बाईनं पट्ट्यांच्या आकृतीचं पान काढून दाखवलं आणि वहीची मागची चार पानंही उलटून पाहिली. म्हणाली, “इयत्ता बघून घेऊ नका. पातळी तपासायची चाचणी फुकट आहे. घरी जाऊन मुलीला ती सोडवू द्या, मग मागवा.” विकायला बसलेली बाई ‘आज घेऊ नका’ म्हणते, तेव्हा तिच्याकडून उद्या घ्यायला हरकत नसते.

तिसऱ्या एका गाळ्यावर वही कोणी हातातच घेतली नाही. सबंध संच घेतला तर सवलत, तीही अधिवेशन संपेपर्यंतच, हे मात्र आम्हाला तीन वेळा ऐकवण्यात आलं. अप्पा तोवर तिथलं पाचवीचं पुस्तक उचलून, मधोमध उघडून वाचत उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, “पहिला धडा सगळ्यांचाच चांगला असतो. लेखक तेव्हा ताजा असतो. अकरावा-बारावा बघावा, तिथे तो दमलेला असतो. आणि आधी स्वाध्याय बघ. धडा कसाही असला तरी शिकवणारा सांभाळून नेतो. स्वाध्यायाला मूल एकटं असतं.”

चाळीस वर्षं पुस्तक हातात धरलेल्या माणसाचं हे बोलणं मला वरच्या मजल्यावरच्या कुठल्याही भाषणाहून जास्त उपयोगी पडलं. त्यानंतर आम्ही दोघं प्रत्येक पुस्तक मधूनच उघडत गेलो. असं केलं की दालन बघता बघता लहान होतं. मुखपृष्ठ देखणं, पहिली वीस पानं रंगीत, आणि मध्ये गेलं की एकाच साच्यातली चाळीस उदाहरणं. काही ठिकाणी उलट. एक करड्या रंगाचं, दिसायला कळकट गणिताचं पुस्तक होतं, जॉन सॅक्सन यांच्या पद्धतीचं. हे सॅक्सन हवाई दलातून निवृत्त झालेले अधिकारी, मग गणिताचे शिक्षक. त्यांची पद्धत अशी की आज शिकलेलं थोडंसंच, आणि रोजच्या स्वाध्यायात मागचं सगळं पुन्हा पुन्हा येत राहणार. अप्पांना ते पसंत पडलं. मला आपल्या मुलीचा चेहरा दिसला आणि मी ते खाली ठेवलं. तिला उजळणीचं वावडं आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या असतात, त्या गाळेवाला आपणहून सांगत नाही. पुस्तकात लिहायचं आहे की वहीत? पुस्तकातच लिहायचं असेल तर धाकट्यासाठी पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि आज स्वस्त दिसणारा संच दोन मुलांत महाग पडतो. दुसरं म्हणजे, आईला रोज किती वेळ तयारी करावी लागते? एका इतिहासाच्या संचाबद्दल मी हे विचारलं तेव्हा उत्तर आलं, “फार नाही, रविवारी संध्याकाळी बसायचं.” आमच्या घरात रविवारी संध्याकाळी आठवड्याची भाजी निवडली जाते आणि भारतात फोन होतात. तो संच तिथेच राहिला.

जुन्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणांच्या एका गाळ्यावर अप्पा बराच वेळ रमले. तिथे मॅकगफी वाचनमालेचे खंड होते. ही वाचनमाला मूळची याच गावातली. विल्यम होम्स मॅकगफी जवळच्या ऑक्सफर्ड गावातल्या मायामी विद्यापीठात प्राध्यापक होते आणि सिनसिनाटीच्या ट्रूमन अँड स्मिथ या प्रकाशकांनी १८३६ मध्ये त्यांची पहिली क्रमिक पुस्तकं काढली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या त्यावर वाचायला शिकली. ती माला आज शाळांत नाही, पण घरी शिकवणारे अजून विकत घेतात. अप्पांनी दुसरा खंड चाळला आणि म्हणाले, “अत्र्यांच्या नवयुग वाचनमालेवर मी शिकलो. आमच्या घरी तिचे भाग अजून आहेत, पण कोणी छापून असे विकायला ठेवलेत का?” मग जरा वेळानं, “पण हे फार उपदेश करतंय गं. अत्रे पोरांना हसवायचे.” पुस्तक परत ठेवलं, आणि दोन गाळे पुढे जाऊन मागे येऊन पुन्हा उचललं. पाच-सहा डॉलरचं होतं, त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले.

आता विज्ञानाबद्दल. घरी शिकवणाऱ्या अमेरिकनांत धर्मश्रद्ध ख्रिस्ती कुटुंबं पुष्कळ आहेत आणि या अधिवेशनाचा रंग तोच आहे. सभेची सुरुवात प्रार्थनेनं होते, बऱ्याच गाळ्यांवर बायबलची वचनं असतात. त्यात गैर काही नाही, त्यांचं अधिवेशन आहे. आमच्याशी सगळे आपुलकीनं वागले. दोघीतिघींनी रविवारी चर्चला यायचं आमंत्रण दिलं, तेही आपल्याकडे ‘सत्यनारायणाला या’ म्हणतात त्याच सुरात. पण पुस्तक घेताना डोळे उघडे ठेवावे लागतात. सिनसिनाटीहून ओहायो नदी ओलांडली की केंटकी लागतं. तिथे पीटर्सबर्गला २००७ पासून ‘क्रिएशन म्युझियम’ आहे, आणि विल्यम्सटाउनला २०१६ पासून नोहाच्या तारवाची प्रचंड लाकडी प्रतिकृती. पृथ्वीचं वय काही हजार वर्षं आहे असं मानणारी मंडळी ती चालवतात. तीच भूमिका घेऊन लिहिलेली विज्ञानाची सुंदर छापलेली पुस्तकं या दालनात भरपूर होती. त्यांच्यातही एकमत आहे असं समजू नये. उत्पत्तीचं पुस्तक कसं वाचावं यावरून क्रिएशन म्युझियमचे केन हॅम यांनी दुसऱ्या एका वक्त्यावर जाहीर टीका केली, म्हणून २०११ मध्ये याच अधिवेशनाच्या आयोजकांनी त्यांचं निमंत्रण मागे घेतलं होतं.

वाद घालायचं काही कारण नव्हतं. मी प्रत्येक विज्ञानाच्या गाळ्यावर एकच प्रश्न विचारत गेले, “तुमच्या पुस्तकात पृथ्वी किती वर्षांची आहे?” लोक सरळ उत्तर देतात. लपवण्यासारखं त्यांना त्यात काही वाटतच नाही. एकानं हजारांत सांगितलं, मी आभार मानले, त्यानं हसून पुढच्या रांगेतल्या एका गाळ्याकडे बोट दाखवलं, “तुम्हाला हवं ते तिथे मिळेल.” मिळालं. अप्पांना हा प्रकार समजावून सांगितला तेव्हा त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “आमच्या शाळेत ग्रहणाचा धडा शिकवून झाल्यावर विज्ञानाचे सर ग्रहण पाळायला घरी जायचे.”

वरच्या मजल्यावरच्या भाषणांबद्दल थोडक्यात. पत्रिका हातात पडली की सगळंच ऐकावंसं वाटतं आणि माणूस जिन्यावरच दिवस काढतो. पण बरीच भाषणं वक्त्याच्या स्वतःच्या अभ्यासक्रमाकडे वळणारी असतात, आणि शिवाय ध्वनिमुद्रणं नंतर विकत मिळतात. गाजलेल्या वक्त्याला घरी भांडी घासताना ऐकता येतं. प्रश्नोत्तरं जिथे होतात तिथे मात्र स्वतः बसावं. मी शार्लट मेसन यांच्या पद्धतीवरच्या एका बैठकीला गेले. १९२३ मध्ये वारलेल्या या इंग्रज बाईंचं नाव इथे घरोघरी आहे. धडे लहान ठेवायचे, चांगली पुस्तकं वाचून दाखवायची, ऐकलेलं मुलाला सांगायला लावायचं, बाहेर नेऊन पानं-पाखरं बघायला आणि वहीत काढायला शिकवायचं. खोली लहान, माणसं तीसेक. सांगणारी बाई स्वतःच्या मुलांच्या निसर्गवह्या घेऊन आली होती आणि त्या हातोहात फिरत होत्या. एका पानावर रॉबिनचं अंडं काढलेलं, निळा रंग चारदा लावून बघितलेला, आणि खाली मुलाच्या अक्षरात ‘जमला नाही’.

अप्पा माझ्या शेजारी बसले होते. मी हळू आवाजात मराठीत सांगत होते. “ऐकलेलं सांगायला लावायचं म्हणजे ‘तुमच्या शब्दांत सांगा’,” ते म्हणाले. “प्रत्येक धड्याखाली असायचं, पण साठ पोरांच्या वर्गात साठ जणांना सांगायला कोण लावणार? आम्ही लिहून आणायला सांगायचो, आणि पोरं एकमेकांचं उतरवायची.” मग ताराबाई मोडकांची गोष्ट निघाली. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. अप्पा बी. एड. करत असताना त्यांची सहल कोसबाडला गेली होती. “मी तिथून येऊन शाळेत बियांची पेटी केली होती,” ते म्हणाले. “तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे आहे?” हे त्यांनी मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

दिवसाचा सगळ्यांत कामाचा तास जेवणाचा. दालनातलं खाणं महाग, म्हणून मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं बांधून नेलं होतं. आम्ही भिंतीकडेच्या बाकावर डबा उघडला. शेजारी एक पन्नाशीची बाई सँडविच खात बसली होती. तिची सहा मुलं घरीच शिकलेली, त्यातली चार कॉलेजातून बाहेर पडलेली. ती खरेदीला आलीच नव्हती. तिच्या मैत्रिणीचा गाळा होता, तो सांभाळायला आली होती. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत अशांना गाठावं, हे मला तिथे कळलं. लहान मुलांच्या आया एकमेकींना भीती वाटतात. मोठ्या मुलांच्या आयांना आता विकत घ्यायचं किंवा सिद्ध करायचं काही उरलेलं नसतं.

तिनं सांगितलेलं असं. ओहायोत सातवीपासून मुलं कॉलेजचे विषय घेऊ शकतात, ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ योजनेत, आणि घरी शिकणाऱ्यांनाही ती लागू आहे. सरकारी कॉलेजात फी पडत नाही. पण घरच्या मुलांना निधीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याची तारीख गेली की वर्ष गेलं. वर्षअखेरीला वह्या तपासणाऱ्या शिक्षिकेकडे सगळ्या वह्या नेऊ नयेत. दर विषयाचं सप्टेंबरचं, जानेवारीचं आणि मेचं असं एकेक पान न्यावं, म्हणजे फरक आपोआप दिसतो. चांगल्या पानांच्या मागे लागू नये. गुणपत्रक आठवीपासूनच स्वतः ठेवायला लागावं, बारावीत बसून आठवत नाही. आणि घेतलेला अभ्यासक्रम फेब्रुवारीत सोडून द्यावासा वाटतो, सगळ्यांनाच वाटतो. तेव्हा नवा न घेता एक आठवडा नुसती गोष्टीची पुस्तकं वाचावीत. तिनं तिच्या ओळखीच्या शिक्षिकेचा नंबर एका पावतीच्या मागे लिहून दिला. त्याच शिक्षिकेकडे आम्ही पुढे वह्या नेत राहिलो. बाईंना दशमी आवडली, चटणी झेपली नाही.

शनिवारी मुलं आली. धाकट्यानं दारातून आत शिरल्या शिरल्या लाकडी तलवारींचा गाळा हेरला आणि पुढचा तासभर तो शिवाजी महाराज होता. नवरा त्याच्या मागे. मी मोठीला घेऊन आदल्या दिवशी वेचून ठेवलेल्या चारच गाळ्यांवर गेले. “यातलं मधलं कुठलंही पान उघड आणि तुला सोडवावंसं वाटतं का बघ,” एवढंच तिला सांगितलं. ती जमिनीवर मांडी घालून बसली. लोक तिला वळसा घालून जात होते. ठोकळ्यांचं पुस्तक तिनं दोन मिनिटांत मिटलं: हे लहान मुलांचं आहे. विज्ञानाचं एक चित्रमय पुस्तक, माझ्या मनातून जवळजवळ घेतलेलं, तिनं परत दिलं. “यात प्रयोगाच्या आधीच काय होणार ते सांगून टाकलंय.” मी ते पान वाचलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. सिंगापूरच्या पुस्तकावर ती रेंगाळली. माझ्याकडे पेन्सिल मागितली, आणि गाळ्यावरच्या बाईनं मी काही बोलायच्या आत तिला कोरा कागद दिला. ६ भागिले १/२ ची पट्टी तिनं स्वतः काढली. सहा चौकोन, प्रत्येकात मधोमध रेघ. मग बोटानं मोजले. “अच्छा, म्हणजे किती बसतात ते!” अप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “भाकरी मी कालच सांगितल्या होत्या.”

खरेदी आम्ही तिथे जवळजवळ केलीच नाही. मॅकगफीचा खंड, एक तलवार, एक भिंग आणि झाडपाल्याची ओळख करून देणारं छोटं पुस्तक. बाकीच्या गाळ्यांवरून अधिवेशनाचा दर किती दिवस चालेल ते कागदावर लिहून घेतलं. पुष्कळ जण थोडे दिवस तो देतात, विचारावं मात्र लागतं. घरी येऊन मुलीनं पातळीची चाचणी दिली. ती मी समजत होते त्याच्या एक पायरी खालच्या पुस्तकाला बसली, आणि ते पुस्तक आम्ही मागवलं. जेवणाच्या टेबलावर रंगीत याद्या आणि पत्रकांचा ढीग होता. पंधरा दिवसांत ज्या पत्रकाला कोणी हात लावला नाही ते रद्दीत टाकलं. अधीक्षकांच्या पत्रात पुस्तकांची यादी आठ ओळींत मावली.

ओहायोचा कायदा २०२३ मध्ये बदलला. त्या ऑक्टोबरपासून ९०० तासांची हमी गेली, वर्षअखेरीचा शेरा गेला, नुसती लेखी सूचना दिली की झालं. महासाथीनंतर घरी शिकवणारे खूप वाढले. जनगणना विभागाच्या पाहणीत २०२० च्या वसंतात ५.४ टक्के कुटुंबं घरी शिकवत होती, शरद ऋतूत ११.१ टक्के. त्यात आपली माणसंही आली. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, अधिवेशनाला जावं का म्हणून. मी जा म्हणते, आणि वहीचं एक अडलेलं पान घेऊन जा म्हणते. शेरा लागत नसला तरी तीन-तीन पानं ठेवा, हेही सांगते.

अप्पा त्या पहिल्या अधिवेशनानंतर जूनमध्ये कराडला परतले. घरी शिकवण्याबद्दल त्यांचं मत बदललं का, हे मी त्यांना विचारलेलं नाही आणि त्यांनी सांगितलेलं नाही. पण दर एप्रिलमध्ये व्हॉट्सॅपवर निरोप येतो: किमती नकोत, मधल्या धड्यांचे स्वाध्याय पाठव. मी गाळ्यावर उभी राहून, परवानगी घेऊन फोटो काढते. कराडला तेव्हा रात्र असते, तरी लगेच दोन निळ्या खुणा दिसतात. एका वर्षी घेतलेल्या बीजगणिताच्या पुस्तकातल्या मागच्या उत्तरांचे फोटोही त्यांनी मागवून घेतले, सगळी उदाहरणं सोडवली आणि एका उत्तरातलं ऋण चिन्ह छपाईत गळलं आहे असं कळवलं. मी प्रकाशकांना ईमेल केला. त्यांचं आभाराचं उत्तर आलं, सोबत शुद्धिपत्र. ते अप्पांना पाठवलं तेव्हा त्यांनी विचारलं, नव्या आवृत्तीत दुरुस्ती केली आहे का, ते पुढच्या वर्षी गाळ्यावर जाऊन बघशील ना.